पक्ष्यांच्या सहवासात

भारतात तेराशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. लडाखच्या थंड वाळवंटापासून अंदमानच्या सदाहरित अरण्यापर्यंत आणि कच्छच्या रणापासून अरुणाचलाच्या डोंगरकुशीपर्यंत पाखरांवाचून पहाट उगवत नाही. पावशाची हाक ऐकून शेतकरी आभाळाकडे पाहतो, भारद्वाजाचे दर्शन अनेक घरांत शुभ मानले जाते आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकल्याशिवाय कोणाचे बालपण सरत नाही. पक्षी आपल्या भाषेत, म्हणींत आणि गाण्यांत असे मिसळून गेलेले आहेत. तरीही त्यांच्याकडे थांबून, निरखून पाहणारे लोक फार थोडे होते. एकोणिसाव्या शतकात जर्डन, ह्यूम यांसारख्या ब्रिटिशांनी भारतीय पक्ष्यांवर मोलाचे लेखन केले. परंतु ते अभ्यासकांच्या कपाटात राहिले. सामान्य भारतीयाला आपल्या अंगणातल्या पाखराची नेमकी ओळख करून देण्याचे आणि ते पाहण्यातला आनंद वाटण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, ते डॉ. सलीम अली होत.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या या मुलांना त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या घरी आणले. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. मुंबईतील खेतवाडी भागातल्या त्या भरल्या घरात सलीमचे बालपण गेले. स्वातंत्र्यचळवळीत पुढे नावाजलेले अब्बास तय्यबजी हेही याच घराण्यातले.

अमीरुद्दीन मामांना शिकारीचा मोठा शौक होता. त्या काळी संपन्न घरांत शिकार हा पुरुषार्थाचा खेळ समजला जाई. मामांनी छोट्या सलीमला एक छऱ्याची बंदूक आणून दिली आणि घराच्या आसपासच्या चिमण्या टिपण्यात मुलाचे दिवस जाऊ लागले. मोठेपणी आपण नामांकित शिकारी व्हायचे, हेच त्याचे स्वप्न होते. पक्ष्यांचा सोबती म्हणून जगाने ज्याला पुढे ओळखले, त्याची पक्ष्यांशी पहिली ओळख अशी बंदुकीच्या नळीतून झाली. ही गोष्ट सलीम अलींनी कधी लपवली नाही.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी त्याने आधी पाहिली नव्हती. मामांनाही ती ओळखता आली नाही. परंतु ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद होते. त्यांनी भाच्याला तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत एकट्याने जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. मुलगा बिचकतच आत शिरला. मिलार्ड यांनी मात्र त्याचे आपुलकीने स्वागत केले, हातातला पक्षी पाहिला आणि ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी मुलाला दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. ज्याला आपण नुसते पाखरू म्हणतो, त्याचे किती प्रकार असू शकतात, एकाच्या पंखावरची रेघ आणि दुसऱ्याच्या चोचीचा बाक यांतून निसर्गाचे केवढे भांडार उलगडते, हे त्या दिवशी सलीमला प्रथम जाणवले. सात-आठ दशकांनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याला दिलेले ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे नाव त्या पडलेल्या चिमणीचेच स्मरण होते. ते पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले.

याच वयातील त्याची एक नोंद उल्लेखनीय आहे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर राखण करीत असलेला. सलीमने तो नर टिपला. थोड्याच वेळात त्या जागी दुसरा नर येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर अशा रीतीने मारले गेले आणि प्रत्येक वेळी त्या मादीला नवा जोडीदार मिळत गेला. आज ही कृती वाचताना मन कष्टी होते. पण घडले ते मुलाने जसेच्या तसे वहीत लिहून ठेवले होते. शिकारी किती पक्षी मारले ते मोजतो. हा मुलगा मारल्यानंतर काय घडले ते पाहत होता. बंदूक हातात असतानाच त्याच्यातला निरीक्षक जागा झाला होता. साठ वर्षांनंतर तीच टिपणे पक्षिनिरीक्षकांच्या पत्रिकेत छापली गेली.

शाळेत सलीमचे मन फारसे रमले नाही. तेराव्या वर्षापासून त्याला डोकेदुखीने ग्रासले आणि शिक्षणात वारंवार खंड पडला. हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातलगांकडे पाठवावे लागले. अखेर १९१३ साली तो मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाला. पुढे ब्रह्मदेशातील तावॉय येथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता, तो पाहण्यासाठी तो तिकडे गेला. व्यवसायात त्याला यश आले नाही. परंतु तावॉयच्या भोवतालची घनदाट अरण्ये त्याच्यासाठी नवी शाळा ठरली. हिशेबाच्या वह्यांपेक्षा रानवाटांवर त्याचा वेळ अधिक जाऊ लागला.

१९१७ साली मुंबईस परतल्यावर सलीम अलींनी व्यापारी कायदा आणि हिशेब यांचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील निसर्गाभ्यासक फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राचा अभ्यास करण्यास त्यांना उद्युक्त केले. तरीही विद्यापीठाची पदवी त्यांच्या हाती आली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात नव्याने उघडलेल्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा ३५० रुपये. काचेच्या कपाटांतील पक्ष्यांविषयी लोकांना माहिती सांगण्याचे ते काम होते.

काचेआडचे निर्जीव पक्षी पाहून त्यांचे समाधान होईना. शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण घेतले पाहिजे, या जाणिवेने त्यांनी रजा घेतली आणि ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः मारलेल्या पक्ष्यांची मोजमापे घेणे आणि त्यांना नावे देणे असे समजले जाई. स्ट्रेसेमान यांचा दृष्टिकोन निराळा होता. पक्षी कसा जगतो, काय खातो, जोडीदार कसा निवडतो, पिलांना कसा वाढवतो, हे समजून घेणे त्यांना महत्त्वाचे वाटे. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा कसा घेतात, हेही सलीम अलींनी याच मुक्कामात पाहिले. स्ट्रेसेमान यांना त्यांनी आयुष्यभर गुरू मानले.

१९३० साली ते मायदेशी परतले, तो हातची नोकरी गेलेली. पैशाअभावी संग्रहालयातील ती जागाच रद्द करण्यात आली होती. वय चौतिशीकडे झुकलेले, हाती पदवी नाही, नोकरी नाही आणि देशात पक्ष्यांच्या अभ्यासावर पोट भरण्याची सोय नाही. अशा वेळी कोणत्याही गृहस्थाने व्यापारउदीम पत्करला असता. खर्च बेताचा ठेवता यावा म्हणून सलीम अली आणि तेहमिना मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळील किहीम या खेड्यात राहायला गेले.

किहीम हे नारळी-पोफळींच्या सावलीतले शांत गाव. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. बेकार माणसाकडे वेळ भरपूर असतो. सलीम अलींनी तो त्या झाडासमोर घालवला. रोज, तासन्‌तास, पावसापाण्यात. कोणता पक्षी कोणत्या घरट्यावर बसतो, केव्हा येतो, केव्हा जातो, याची त्यांनी बारकाईने टिपणे केली. पहिल्या काही दिवसांत सगळाच कोलाहल वाटतो. हळूहळू त्या गोंधळातून एकेक पक्षी वेगळा होत जातो आणि त्याच्या वागण्यातला क्रम दिसू लागतो. निरीक्षणाचे हे फळ उतावळ्या माणसाला मिळत नाही.

मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी आहे. सुबक घरटे विणणारी ती सुगरण, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात विणकर असतो नर. गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या लांब पट्ट्या फाडून आणून तो त्यांच्या गाठी मारतो आणि झुलत्या फांदीला घरटे लटकवतो. घरटे अर्धेमुर्धे झाले, की माद्यांचा थवा पाहणीस येतो. मादी आत शिरते, विणकाम चोचीने ओढून पाहते आणि पसंत पडले तरच तिथे राहते. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबकळत राहतात. मादीने पसंती दिली, की नर त्या घरट्याची लांब नळी पुरी करून देतो. मादी अंडी घालते आणि एकटीच ती उबवते. इकडे नर मात्र शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवण्याच्या खटपटीस लागतो. तिचे घर बसले, की तिसरे घरटे. एका हंगामात एकामागून एक अनेक माद्यांशी संसार मांडण्याची सुगरणीची ही रीत सलीम अलींनी प्रथमच नेमकेपणाने उलगडून दाखवली. त्यांचा हा निबंध १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष या बेकार पक्षितज्ज्ञाकडे वळले.

किहीमच्या त्या पावसाळ्यात कोणतेही महागडे उपकरण वापरले गेले नव्हते. ती झाडे, ते पक्षी गावातल्या सर्वांच्याच डोळ्यांसमोर होते. जे सर्वांना दिसत होते, ते एका माणसाने पुरेसा वेळ देऊन पाहिले, एवढेच घडले होते. नोकरी टिकली असती, तर कदाचित हा शोध लागला नसता, अशी त्यांची स्वतःचीही भावना होती.

यानंतर त्यांनी एक वेगळाच मार्ग शोधला. देशात तेव्हा अनेक संस्थाने होती आणि त्यांतील बहुतेकांच्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने सोसावा, आपण मेहनताना न घेता पक्ष्यांची पाहणी करून देऊ, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद संस्थानापासून आरंभ झाला. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन, मध्य भारतातील संस्थाने, म्हैसूर, कच्छ, गुजरात अशी भ्रमंती वर्षानुवर्षे चालली. दिवस उजाडण्यापूर्वी निघायचे, दुपारपर्यंत रान धुंडाळायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नमुने तयार करून टिपणे पूर्ण करायची, असा तो दिनक्रम असे. शास्त्रासाठी काही पक्षी टिपणे अटळ आहे, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी स्पष्टपणे मांडले. मात्र हौसेपोटी आणि मोजदादीविना होणारी शिकार त्यांना मान्य नव्हती.

या खडतर जीवनात तेहमिना त्यांच्या बरोबरीने असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या स्त्रीने तंबूतला संसार आनंदाने पत्करला होता. पतीच्या ओढीमागे चरितार्थाची चिंता दडू नये, याची काळजी त्या घेत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. हा आघात त्यांना खचवून गेला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मुंबईत बहीण कम्मू आणि तिचे यजमान यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला. पुढील सारे आयुष्य त्यांनी पक्ष्यांच्या अभ्यासाला वाहिले. पाहणीसाठी पुन्हा रानात पाऊल टाकणे, हाच त्यांच्या दुःखावरचा उपाय ठरला. १९४५ साली तर ते कैलास आणि मानसरोवरापर्यंत गेले. इतर यात्रेकरू दर्शनाच्या ओढीने चालत होते. सलीम अलींची ओढ त्या उंच प्रदेशातल्या पाखरांची होती.

१९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतातील पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासात या पुस्तकाला मोठे स्थान आहे. त्यातील मांडणी सामान्य वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. पक्ष्याचे आकारमान इंचांत सांगण्याबरोबर तो चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, हे त्यांनी सांगितले. ज्याने कधी फूटपट्टी घेऊन पक्षी मोजला नाही, त्यालाही चिमणी आणि कावळा ठाऊक असतातच. रंगीत चित्रे, ओळखण्याच्या खुणा, वसतिस्थान, सवयी, घरटे अशा क्रमाने प्रत्येक पक्ष्याची ओळख करून दिलेली होती. या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. इंदिरा गांधींना हे पुस्तक त्यांचे वडील जवाहरलाल नेहरू यांनी भेट दिले होते आणि त्यातून त्यांची पक्ष्यांची आवड वाढली. आकाशवाणीवरील भाषणांमधूनही सलीम अली दीर्घकाळ लोकांना पक्ष्यांकडे पाहायला शिकवत राहिले.

त्यांचा स्वभाव काटेकोर होता. ऐकीव माहितीवर ते विश्वास ठेवीत नसत. पाहिले तेच लिहावे आणि पाहिल्याबरोबर लिहावे, असा त्यांचा दंडक होता. कारण स्मृती दगा देते. वक्तशीरपणाबाबत ते कडक होते, तरी विनोदाचे त्यांना वावडे नव्हते. मोटारसायकलींचा त्यांना विलक्षण नाद होता. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेला ते आपली सनबीम मोटारसायकल जहाजातून युरोपात नेऊन तिच्यावरून गेले. त्यांनी भारतापासून सारा प्रवास मोटारसायकलवरूनच केला, अशी तेथील काहींची समजूत झाली होती.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्यावर नवी जबाबदारी आली. अनेक ब्रिटिश सभासद मायदेशी परतल्यामुळे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी अडचणीत सापडली. ही जुनी संस्था बंद पडू नये, म्हणून सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंकडे शब्द टाकला आणि तिला आर्थिक साहाय्य मिळवून दिले. राजस्थानातील भरतपूर येथे महाराजांचे शिकारीचे राखीव तळे होते. तेथे एकेका दिवसात हजारो बदके मारली जात. स्वातंत्र्यानंतर हे पाणी आटवून जमीन शेतीसाठी द्यावी, अशी मागणी पुढे आली. शेतकऱ्यांची गरज खोटी नव्हती. परंतु हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियातून येणाऱ्या लक्षावधी पाणपक्ष्यांना त्या तळ्यावाचून आसरा नव्हता. सलीम अलींनी त्या पक्ष्यांची बाजू नेहरूंपुढे मांडली आणि तळे वाचले. तेच आजचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान. १९८५ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली बुडण्याची वेळ आली, तेव्हाही अरण्य राखण्याच्या बाजूने ज्यांचा आवाज उठला, त्यांत सलीम अली होते.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूर अरण्यात एक अनोळखी ताप पसरला. माकडे मरू लागली आणि माणसेही आजारी पडली. हा रोग गोचिडांमार्फत पसरत होता. या गोचिडी स्थलांतरी पक्ष्यांबरोबर दूरदेशाहून आल्या असाव्यात, अशी शंका होती. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी मोहीम हाती घेण्यात आली. जाळ्यात अलगद पकडलेल्या पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेले ॲल्युमिनियमचे हलके कडे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. हजारो मैलांवर कोणाला ते कडे सापडले, तर तो मुंबईला कळवी. मूठभर वजनाचे पाखरू पर्वतरांगा ओलांडून कोठून कोठे जाते, याचा अंदाज अशा एकेका पत्रावरून बांधता येऊ लागला. बालपणी ज्या हातांनी छऱ्याची बंदूक धरली होती, तेच हात आता पक्ष्याला मुठीत घेऊन त्याच्या पायात कडे घालीत आणि त्याला आकाशात मोकळे करीत.

त्यांच्या आयुष्याचे शिखर म्हणजे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा ग्रंथराज. १९६८ ते १९७४ या काळात त्याचे दहा खंड प्रसिद्ध झाले. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अली अठ्ठ्याहत्तरीला पोहोचत होते. त्यांच्या वाट्याला अपयशही आले. १८७६ नंतर खात्रीने न दिसलेली हिमालयातील पहाडी लाव्ही त्यांनी पुष्कळ शोधली, पण ती सापडली नाही. मात्र अनेक वर्षे बेपत्ता असलेली फिनची सुगरण त्यांना कुमाऊंच्या परिसरात पुन्हा आढळली. माळढोक हा भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे त्यांचे मत होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोर गावोगाव आढळतो; माळढोकाची माळराने मात्र तेव्हाही आक्रसत होती. राष्ट्रीय पक्षी ठरला तर लोकांचे लक्ष त्याच्याकडे जाईल, ही त्यामागची कळकळ होती. आज माळढोक नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे, हे पाहता त्यांची चिंता किती सार्थ होती, ते कळते.

पदवीअभावी ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांना पुढे अलीगढ, दिल्ली आणि आंध्र या तीन विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. १९६७ साली ब्रिटिश पक्षितज्ज्ञ संघाचे सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले ब्रिटिशेतर नागरिक ठरले. जे. पॉल गेटी पुरस्काराचे एक लाख डॉलर त्यांनी स्वतःकडे ठेवले नाहीत. त्यातून निसर्गसंवर्धनाचा निधी उभारला. १९८५ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. १९८६ साली, शतकाच्या आरंभापासून कोणाला न दिसलेला जेर्डनचा धाविक हा पक्षी आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात पुन्हा सापडला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या तरुण अभ्यासकांनी हा शोध लावला होता. त्यांनी घडवलेली संस्था आता त्यांच्याशिवायही पाहू शकत होती. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने आज देशात अनेक ठिकाणे ओळखली जातात. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरचे खारफुटीचे अभयारण्य, केरळमधील तट्टेक्काड येथील पक्षी अभयारण्य आणि कोइंबतूर येथील पक्षिविज्ञान व निसर्ग अभ्यासाची राष्ट्रीय संस्था ही त्यांची स्मारके होत. महाराष्ट्रात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा.

त्यांचे आणखी एक स्मारक मात्र जिवंत आहे. पूर्व हिमालयात कस्तूर कुळातील एक पक्षी दीर्घकाळ एकाच जातीचा समजला जात होता. कातडी पाहून त्यात फरक करणे अवघड होते. अरुणाचलाच्या डोंगरात फिरणाऱ्या अभ्यासकांनी मात्र कान देऊन ऐकले. वरच्या उघड्या खडकाळ भागातील पक्षी कर्कश गात होते, तर खालच्या जंगलातील पक्ष्यांचे गाणे मधुर होते. सखोल अभ्यासानंतर २०१६ साली जंगलातला हा गोड गळ्याचा पक्षी वेगळ्या जातीचा असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच्या शास्त्रीय नावात सलीम अलींचे नाव गुंफण्यात आले. अनेक वर्षे तो गातच होता. कोणीतरी थांबून ऐकण्याची तेवढी वाट होती.

पक्षिनिरीक्षणातून धन मिळत नाही आणि क्वचितच कीर्ती मिळते. मात्र पोरके बालपण, अपुरे शिक्षण, गेलेली नोकरी आणि पत्नीचा वियोग सोसलेल्या एका माणसाला या छंदाने नव्वदीपर्यंत ताजेतवाने ठेवले. खिडकीत येणारी चिमणी, तारेवर बसलेला कोतवाल, शहरातल्या बागेत टुक्‌टुक् करणारा तांबट हे सर्वांच्या वाट्याला आलेले आहेत. एखादी वही, थोडी सवड आणि शांत उभे राहण्याची तयारी असली, की भारताच्या कोणत्याही कोपऱ्यात हा अभ्यास सुरू करता येतो. सलीम अलींनी आपल्यासाठी मागे ठेवलेला वारसा तो हाच.